घरचा स्विमिंग पूल मिठाच्या क्लोरिनेटरवर नेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबाग, कर्जत, लोणावळा आणि गोवा इथल्या बंगल्यांमधले बहुतेक पूल आजही टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड या क्लोरीनयुक्त रसायनाच्या) गोळ्या, ब्लीचिंग पावडर किंवा लिक्विड क्लोरीन (सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण) यांवर चालतात. त्यांतले अनेक मालक आता मिठापासून जागेवरच क्लोरीन तयार करणाऱ्या यंत्राकडे, म्हणजे सॉल्ट क्लोरिनेटरकडे, वळू लागले आहेत. यंत्र जोडायला फारसा वेळ लागत नाही. पण जुने पाणी न तपासता, भलत्या महिन्यात आणि भलत्या मिठाने केलेला बदल वर्षभर त्रास देतो आणि दोष मात्र यंत्रावर येतो. पुढील उत्तरांतले हिशेब एकाच मापाच्या पूलसाठी केले आहेत : लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे ४० हजार लिटर पाणी. आपला पूल याहून लहान-मोठा असेल तर आकडे त्या प्रमाणात बदलून घ्यावेत.

मिठाचा पूल म्हणजे क्लोरीन नसलेला पूल का?

नाही, आणि हा गैरसमज आधी दूर व्हायला हवा, कारण पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात. क्लोरिनेटरच्या सेलमध्ये टायटॅनियमच्या पट्ट्या असतात आणि त्यांवर रुथेनियम किंवा इरिडियम या धातूंच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो. या पट्ट्यांमधून वीज खेळवली की मिठाच्या पाण्यातून क्लोरीन तयार होतो, तो पाण्यात विरघळून जंतू आणि शेवाळ मारतो आणि आपले काम झाले की पुन्हा क्लोराइडच्या, म्हणजे मिठाच्याच रूपात परत येतो. म्हणून मीठ संपत नाही. ते बॅकवॉश (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुणे), ओव्हरफ्लो, गळती आणि अंगावरून-कपड्यांवरून बाहेर जाणारे पाणी यांतूनच कमी होते. पाण्यातला जंतुनाशक पूर्वी होता तोच राहतो, फक्त तो डब्यातून येण्याऐवजी पाइपमध्ये तयार होतो. त्यामुळे क्लोरीन आणि पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते) मोजण्याची गरज संपत नाही.

मग बदल करण्यात फायदा काय?

सर्वांत मोठा फायदा सातत्याचा आहे. बंगल्याचे मालक शनिवारी येणार म्हणून शुक्रवारी संध्याकाळी भरपूर क्लोरीन टाकायचा आणि मधले चार दिवस पूलकडे पाहायचेच नाही, ही पद्धत अनेक ठिकाणी रुळलेली आहे. तिच्यात क्लोरीन कधी शून्याजवळ जातो, तर कधी डोळे चुरचुरण्याइतका वाढतो. क्लोरिनेटर रोज पंप चालू असेपर्यंत थोडाथोडा क्लोरीन सोडत राहतो, त्यामुळे पातळी बऱ्यापैकी स्थिर राहते आणि घाम-लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन तयार होणारी, ज्यांना आपण ‘क्लोरीनचा वास’ म्हणतो ती क्लोरामाइन द्रव्येही साचत नाहीत. दुसरा फायदा असा की घराच्या आवारात, गॅस सिलिंडर किंवा गवत कापण्याच्या यंत्राच्या पेट्रोलशेजारी, तीव्र ऑक्सिडायझरचे, म्हणजे आग भडकवू शकणाऱ्या रसायनांचे, डबे साठवावे लागत नाहीत. तिसरा फायदा स्टॅबिलायझरशी निगडित आहे आणि तो पुढच्या उत्तरात सविस्तर दिला आहे.

आमच्या पूलमध्ये वर्षानुवर्षे गोळ्या टाकतात आणि पाणी निळेशार दिसते. तरीही काही बिघडलेले असू शकते का?

असू शकते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. टीसीसीएच्या गोळीत क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिड असते, ज्याला व्यवहारात स्टॅबिलायझर म्हणतात. उन्हामुळे क्लोरीन उडून जाऊ नये म्हणून त्याचा थोडा उपयोग होतो. स्टॅबिलायझर अजिबात नसेल तर आपल्याकडच्या उन्हात दुपारपर्यंतच बहुतेक क्लोरीन नाहीसा होतो. पण क्लोरीन खर्च होतो आणि स्टॅबिलायझर मागे उरतो. टीसीसीएमधून १० पीपीएम (म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम) क्लोरीन दिला की त्याबरोबर सुमारे ६ पीपीएम स्टॅबिलायझर पाण्यात जातो. आपल्या पूलला रोज ३ पीपीएम क्लोरीन लागतो असे धरले, तर रोज साधारण १३० ग्रॅम टीसीसीए पडते आणि महिन्याभरात स्टॅबिलायझर ५० पीपीएमहून अधिक वाढतो. दोन महिन्यांत तो शंभराच्या वर जातो. बॅकवॉशमध्ये थोडा कमी होतो, पण बाष्पीभवनाने अजिबात कमी होत नाही.

तो जसा वाढतो तशी क्लोरीनची मारकशक्ती बांधली जाते. सर्वसाधारण ठोकताळा असा आहे की मुक्त, म्हणजे जंतू मारायला मोकळा असलेला, क्लोरीन हा स्टॅबिलायझरच्या किमान साडेसात टक्के असावा. स्टॅबिलायझर ४० असेल तर ३ पीपीएम क्लोरीन पुरतो. तो १५० झाला तर ११ पीपीएमच्या वर ठेवावा लागतो. चाचणी संचात २ किंवा ३ दिसतात, म्हणून सगळे समाधानी असतात आणि एका ढगाळ, दमट आठवड्यानंतर पूल अचानक हिरवा पडतो. त्यावर उपाय म्हणून आणखी गोळ्या टाकल्या जातात आणि स्टॅबिलायझर अजून वाढतो.

क्लोरिनेटरने तयार केलेल्या क्लोरीनबरोबर स्टॅबिलायझर येत नाही. एकदा ६० ते ८० पीपीएमवर आणून ठेवला की तो जवळजवळ तिथेच राहतो, आणि क्लोरीन सतत तयार होत असल्याने साडेसातऐवजी पाच टक्क्यांच्या आसपास क्लोरीन ठेवूनही पाणी नितळ राहते.

त्यासाठी कोणत्या चाचण्या लागतात? पिवळ्या थेंबांचा संच पुरेल का?

पिवळा रंग देणारा ऑर्थोटोलिडीनचा संच एकूण क्लोरीन दाखवतो. त्यातला किती उपयोगाचा आहे आणि किती क्लोरामाइनमध्ये अडकला आहे, हे त्यातून कळत नाही. मुक्त क्लोरीन वेगळा दाखवणारा, गुलाबी रंग देणारा डीपीडी संच घ्यावा. स्टॅबिलायझरची चाचणी सोपी असते : पूलचे पाणी आणि चाचणीचे द्रावण मिसळले की ते दुधासारखे गढूळ होते, मग ते तळाशी काळा ठिपका असलेल्या उभ्या नळीत हळूहळू ओतायचे आणि वरून पाहताना ठिपका दिसेनासा झाला की नळीवरचा आकडा वाचायचा. नळी कमरेच्या उंचीवर धरून, सूर्याकडे पाठ करून सावलीत ही चाचणी केली तर आकडा बऱ्यापैकी विश्वसनीय येतो. खोलीत दिव्याखाली केली तर चुकतो. बदल करण्यापूर्वी या दोन्हींबरोबर पीएच, एकूण अल्कली (पीएच स्थिर ठेवणारे क्षार), कॅल्शियमचा जडपणा आणि सध्याचे मीठ एवढे मोजून, तारखेसह वहीत लिहून ठेवावे.

मिठाऐवजी ओझोन, यूव्ही किंवा तांबे-चांदीचा आयोनायझर बसवला तर?

ही साधने पूरक आहेत, पर्याय नाहीत. ओझोन आणि यूव्ही (अतिनील किरण) प्लांटमधून, म्हणजे पंप-फिल्टरच्या खोलीतून, जाणाऱ्या पाण्यावर काम करतात. पूलमध्ये एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे जाणाऱ्या जंतूला ते अडवू शकत नाहीत, त्यासाठी पाण्यात शिल्लक राहणारा क्लोरीनच लागतो. यूव्हीचा एक खरा गुण असा की क्लोरीनला दहा दिवस दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी त्याने निष्प्रभ होतो, त्यामुळे पाहुण्यांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्यांत क्लोरिनेटरबरोबर यूव्ही बसवणे योग्य आहे. पाण्यात तांब्याचे आयन सोडणारा आयोनायझर मात्र घरच्या पूलला सुचवावासा वाटत नाही, कारण तांबे साचले की प्लास्टरवर डाग पडतात आणि फिकट केसांवर हिरवट झाक येते. याच कारणाने शेवाळासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकण्याची जुनी सवयही क्लोरिनेटर बसवण्यापूर्वीच बंद करावी.

बदल कोणत्या महिन्यात करावा?

ऑक्टोबरमध्ये, पाऊस उघडल्यावर. बरेच जण उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी एप्रिल-मेमध्ये यंत्र बसवतात आणि जूनमध्ये पस्तावतात. पूलची सरासरी खोली सव्वा मीटर असताना त्यात १ मीटर पाऊस पडून नीट मिसळला आणि तेवढेच पाणी ओव्हरफ्लो झाले, तर मूळ पाण्यातले मीठ साधारण ४५ टक्के उरते. २ मीटर पावसानंतर पाचवा हिस्सा. कोकण किनाऱ्यावर हंगामात २ मीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस होतो आणि लोणावळ्यात त्याच्याही कितीतरी वर. म्हणजे मे महिन्यात टाकलेले बहुतेक मीठ ऑगस्टपर्यंत नाल्यात गेलेले असते.

हाच हिशेब जुन्या स्टॅबिलायझरला लावला, तर पाऊस आपल्या बाजूने काम करतो. मे महिन्यात १५० असलेला स्टॅबिलायझर सप्टेंबरअखेर तीसच्या जवळ आलेला असू शकतो, तोही टँकरच्या पाण्यावर एक रुपया न घालवता. अट एवढीच की त्या चार महिन्यांत पुन्हा गोळ्या टाकायच्या नाहीत. पावसाळाभर लिक्विड क्लोरीन वापरायचा. पावसाचे पाणी मऊ असते, ते प्लास्टरमधून आणि टाइल्सच्या सांध्यांमधून कॅल्शियम ओढून घेते, म्हणून ऑक्टोबरमध्ये जडपणा मोजावा आणि तो २०० पीपीएमखाली गेला असेल तर कॅल्शियम क्लोराइड टाकून भरून काढावा.

पुण्यात किंवा नाशिक शहरात पाऊस तुलनेने कमी असल्याने नुकसान कमी होते, पण तिथेही ऑक्टोबर ते मे हा सलग काळ मिळणे चांगलेच.

जुने पाणी पूर्ण काढून टाकावे लागते का?

सहसा नाही. स्टॅबिलायझर ८०च्या आत, जडपणा ४००च्या आत आणि पाण्यात लोह-तांबे नसेल, तर आहे त्याच पाण्यात मीठ टाकता येते. स्टॅबिलायझर जास्त असेल तर किती पाणी बदलायचे हे सरळ गुणोत्तराने निघते : १५० वरून ७० वर यायचे असेल तर निम्म्याहून थोडे अधिक, म्हणजे आपल्या पूलमधले साधारण २१ हजार लिटर. टँकर मागवावा लागणार असेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबणेच शहाणपणाचे आहे.

पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच पूल पूर्ण रिकामा मात्र कधीही करू नये. भूजल वर आलेले असते आणि आतले पाणी काढल्यावर त्याचा खालून येणारा दाब टाकीला तडा देऊ शकतो किंवा ती उचलूही शकतो. भातशेतीला लागून किंवा खाडीजवळ असलेल्या बंगल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

मीठ कोणते घ्यावे आणि किती? पेण-उरणच्या मिठागरातले खडे मीठ स्वस्त मिळते, ते चालेल का?

मिठागर दारात असताना हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, पण ते मीठ वापरू नये. वाफ्यातून काढलेल्या कच्च्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम, चिखलाचा अंश आणि थोडे लोह असते. स्वयंपाकाला किंवा मासे खारवायला त्याची अडचण नाही, परंतु सेलच्या पट्ट्यांवर त्याची पांढरी पुटे चढतात आणि पूलच्या तळाशी तपकिरी डाग पडतात. स्वयंपाकघरातले आयोडीनयुक्त मीठही टाळावे. त्यातले आयोडीन अल्प असते, पण मीठ मोकळे राहावे म्हणून घातलेली द्रव्ये डाग पाडू शकतात. ९९ टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे, धुतलेले रिफाइंड औद्योगिक मीठ किंवा वॉटर सॉफ्टनरसाठी विकल्या जाणाऱ्या मिठाच्या गोळ्या घ्याव्यात. गोळ्या विरघळायला वेळ लागतो, एवढाच फरक.

बहुतेक घरगुती यंत्रे ३००० ते ४००० पीपीएमवर चालतात. समुद्राचे पाणी साधारण ३५ हजार पीपीएम असते, यावरून अंदाज यावा. १ हजार लिटरला १ किलो मीठ म्हणजे १००० पीपीएम. जुन्या क्लोरीनमुळे आणि बोअरच्या पाण्यामुळे पूलमध्ये काही मीठ आधीच असते. ते ५०० असेल आणि ३५०० वर जायचे असेल, तर ४० हजार लिटरला १२० किलो लागते. पहिल्या दिवशी १०० किलोच टाकावे, दुसऱ्या दिवशी मोजावे आणि उरलेले मग टाकावे, कारण जास्त झालेले मीठ काढायचा पाणी बदलण्याशिवाय मार्ग नाही.

आमच्या भागात बोअरचे पाणी जड आहे. सेल खराब होईल का?

काळजी घेतली नाही तर होईल. दख्खनच्या काळ्या दगडातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरेच असते आणि सेलमध्ये नेमक्या ऋण पट्टीजवळ पाणी अल्कधर्मी होत असल्याने तिथे क्षार बसतात. पट्ट्यांची ध्रुवता ठरावीक वेळाने आपोआप उलटवणारे यंत्रच घ्यावे. त्याने बहुतेक पुटे झडतात. तरीही महिन्यातून एकदा सेल उघडून उजेडाकडे धरून पाहावा. पट्ट्यांच्या फटींमधून पलीकडचे स्पष्ट दिसले तर काही करू नये. फटीत खडूसारखा पांढरा थर दिसला तर दहा भाग पाण्यात एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलेल्या द्रावणात, बुडबुडे थांबेपर्यंत, सेल बुडवून ठेवावा. चाकू, स्क्रू-ड्रायव्हर किंवा तारेचा ब्रश लावला तर पट्टीवरचा मौल्यवान थर खरवडला जातो आणि सेल कायमचा निकामी होतो. गरज नसताना ॲसिडने धुतल्यानेही तो थर झिजतो.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या जमिनीतल्या बोअरला कधीकधी लोह येते. बादलीत भरलेले पाणी काही तासांनी तांबूस होत असेल, तर पूल भरण्यासाठी दुसरे पाणी शोधावे.

किती क्षमतेचे यंत्र घ्यावे?

यंत्राची क्षमता ताशी किती ग्रॅम क्लोरीन यावर ठरते. आपल्या पूलला कडक उन्हात रोज ३ ते ४ पीपीएम, म्हणजे १२० ते १६० ग्रॅम क्लोरीन लागेल. ताशी २० ग्रॅमचे यंत्र ८ तासांत १६० ग्रॅम देते. ताशी १० ग्रॅमचे यंत्र स्वस्त पडते, पण त्यासाठी पंप १२ ते १६ तास चालवावा लागतो. १ अश्वशक्तीच्या पंपापुढे सेलची १००-१५० वॅट वीज किरकोळ असते, त्यामुळे बिल वाढते ते पंपाचे. शिवाय सतत पूर्ण भारावर चाललेला सेल लवकर संपतो. म्हणून गरजेच्या दीडपट ते दुप्पट क्षमता घ्यावी आणि यंत्र ५०-६० टक्क्यांवर चालवावे.

विजेची आणि जोडणीची कोणती काळजी घ्यावी?

सेल फिल्टर आणि हीटर यांच्या पुढे, पूलकडे जाणाऱ्या पाइपवर, सर्वांत शेवटी बसवावा. क्लोरीनबरोबर सेलमध्ये हायड्रोजन वायूही तयार होतो; पाणी वाहत असेल तर तो बारीक बुडबुड्यांच्या रूपाने रिटर्नमधून (पूलमध्ये पाणी परत येण्याच्या तोंडातून) निघून जातो, पण पंप बंद पडूनही सेल चालू राहिला तर तो पाइपमध्ये साचतो आणि स्फोट होऊ शकतो. म्हणून प्रवाह थांबताच सेल बंद करणारा फ्लो स्विच असल्याशिवाय यंत्र चालवू नये आणि यंत्राची वीज पंपाच्याच टायमरमधून घ्यावी. ग्रामीण भागात वीज वारंवार जाते-येते, तिथे या दोन गोष्टी जिवाच्या आहेत. फ्लो स्विचची तार काढून ‘डायरेक्ट’ केलेली जोडणी दिसली, तर ती त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावी.

प्लांट रूमला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), स्वतंत्र आणि तपासलेले अर्थिंग, तसेच शिडी, कठडा, दिव्यांच्या चौकटी आणि पंप एकमेकांना जोडणारी बाँडिंगची तार आवश्यक आहे. खारे पाणी वीज अधिक सहज वाहून नेते. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

कडेचा दगड, शिडी आणि हीटर यांना मीठ सोसेल का?

ग्रॅनाइट, काळा दगड आणि चांगल्या टाइल्सना फारसे काही होत नाही. कोटा, शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड आहेत, आणि जांभा तर सच्छिद्रच. उडालेले पाणी त्यांत मुरते, ऊन लागले की वाळते, आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. बदलापूर्वी दगडाला आत मुरणारा सीलर लावावा, दर वर्षी तो पुन्हा लावावा आणि उन्हाळ्यात कडेवर साध्या पाण्याचा पाइप आठवड्यातून दोनदा फिरवावा. शिडी ३०४ प्रतीच्या स्टीलची असेल तर तिच्यावर तांबेरा चढतो. ३१६ प्रत टिकते. हीटरमध्ये तांब्याची नळी असेल तर उत्पादकाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. टायटॅनियमची असेल तर चिंता नाही.

पहिल्या दिवशी नेमके काय करायचे?

आधी पाणी नितळ आणि शेवाळमुक्त हवे. हिरव्या पूलवर क्लोरिनेटर हा इलाज नव्हे, तो स्वच्छ पाणी स्वच्छ ठेवतो. पीएच ७.४ ते ७.६ वर आणि अल्कली ७०-८० वर आणावी. सेल बंद ठेवून पंप चालू करावा, मीठ पूलच्या कडेने पसरून टाकावे आणि लांब दांड्याच्या ब्रशने तळाशी बसलेले ढीग मोडत राहावे. स्किमरमध्ये (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या खाचेत) किंवा बॅलन्सिंग टँकमध्ये पोती रिकामी करू नयेत, कारण तीव्र द्रावण एकदम पंपातून आणि सेलमधून जाते. पंप २४ तास चालू ठेवावा आणि मगच मीठ मोजून सेल सुरू करावा.

स्टॅबिलायझर ३० वर असेल आणि ७० हवा असेल, तर १ किलो ६०० ग्रॅम सायन्युरिक ॲसिड लागेल. ते जुन्या मोज्यात किंवा सुती पिशवीत भरून रिटर्नसमोर टांगावे आणि अधूनमधून दाबावे. चाचणीत त्याचा पूर्ण आकडा दिसायला आठवडा लागू शकतो, म्हणून लगेच आणखी टाकू नये. क्लोरीन मात्र पहिल्या दिवशी लिक्विडनेच ४-५ पीपीएमपर्यंत न्यावा आणि पुढे राखण्याचे काम यंत्रावर सोपवावे.

बदलानंतर पीएच सारखा वाढतो. यंत्रात दोष आहे का?

दोष नाही. सेलमधून निघणारे हायड्रोजनचे बारीक बुडबुडे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतात आणि त्यामुळे पीएच चढतो. टीसीसीए आम्लधर्मी असते, त्यामुळे पूर्वी पीएच घसरायचा आणि केअरटेकर दर आठवड्याला पीएच वाढवणारा सोडा ॲश टाकायचा. बदलानंतरही तोच सोडा हाताच्या सवयीने पडत राहिला तर पीएच ८च्या वर जातो, क्लोरीन दुबळा होतो आणि सेलवर क्षार बसतात. ही चूक इतकी सर्रास होते की यंत्र बसवले त्याच दिवशी सोडा ॲशचे पोते प्लांट रूममधून हलवलेले बरे. तुरटीचाही नेहमीचा वापर थांबवावा.

पीएच ७.८ च्या वर गेला की पाव लिटर हायड्रोक्लोरिक ॲसिड बादलीभर पाण्यात घालून, पंप चालू असताना, खोल बाजूला रिटर्नजवळ सोडावे आणि काही तासांनी पुन्हा मोजावे. बाजारातले पिवळसर ॲसिड लोहामुळे पिवळे असते. शक्यतो रंगहीन घ्यावे. एकूण अल्कली ६० ते ८० वर ठेवली तर चढण्याचा वेग कमी होतो.

बॅकवॉशचे पाणी बागेला घालता येईल का?

नाही. साडेतीन हजार पीपीएमचे पाणी आंबा, चिकू, सुपारी, फुलझाडे आणि लॉन यांना मारक आहे. नारळ थोडेफार खारेपण सोसतो, पण म्हणून रोज त्याच्याच आळ्यात सोडणे बरोबर नाही. घराची किंवा शेजाऱ्याची विहीर जवळ असेल तर जमिनीत मुरवणेही चुकीचे, कारण कोकणात पाणी जांभ्यातून सहज पाझरते आणि पिण्याचे पाणी बिघडण्याची जबाबदारी आपल्यावर येते. शहरात ते ड्रेनेजला सोडावे. गावात आधी क्लोरीन उतरू द्यावा आणि पावसाळ्यात, भरपूर पाणी वाहत असताना थोडेथोडे सोडावे. विहीर अगदी लागून असेल आणि ड्रेनेज नसेल, तर मिठाची पद्धत न स्वीकारता लिक्विड क्लोरीनचा डोसिंग पंप बसवणे अधिक योग्य ठरते. तोही रोज मोजून क्लोरीन देतो आणि स्टॅबिलायझर वाढवत नाही.

पाणी खारट लागते का? लहान मुलांना आणि रक्तदाब असलेल्यांना चालेल का?

इतके मीठ काहींना जेमतेम जाणवते. अश्रू याहून बरेच खारट असतात. पोहताना ५० मिलिलिटर पाणी पोटात गेले तरी त्यातून पाव ग्रॅमहूनही कमी मीठ जाते. डोळे लाल होतात ते बहुधा क्लोरामाइन किंवा बिघडलेल्या पीएचमुळे, म्हणून त्यावर उपाय चाचणी हाच आहे.

मुलांच्या बाबतीत खरा धोका क्लोरीन असण्याचा नसून तो नसण्याचा आहे. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराने मुलांचेही बळी घेतले. नाकात गेलेल्या दूषित, कोमट पाण्यातून तो अमिबा मेंदूपर्यंत पोहोचतो, आणि पाण्यात सतत पुरेसा मुक्त क्लोरीन ठेवणे हा त्यावरचा साधा आणि खात्रीचा प्रतिबंध आहे. पाहुणे येणार असोत वा नसोत, क्लोरीन शून्यावर गेलेल्या पूलमध्ये एकही मूल उतरू देऊ नये. जुलाब झालेल्या मुलाला बरे झाल्यावरही दोन आठवडे पूलपासून दूर ठेवावे.

पूल केअरटेकर सांभाळतो. त्याला काय शिकवावे?

हा प्रश्न खरे तर सर्वांत आधी विचारला जायला हवा, कारण रसायनांचा त्रास मालकाला नव्हे, त्याला आणि त्याच्या घरच्यांना होतो. डब्यांवरच्या सूचना बहुधा इंग्रजीत असतात. प्लांट रूमच्या दारावर मोठ्या अक्षरांत मराठीत, आणि तो हिंदी किंवा कोकणी वाचत असेल तर त्या भाषेत, फलक लावावा. त्यावर काही गोष्टी असायलाच हव्यात : टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, एकच मापटे दोघांना वापरू नये, कारण भडका उडतो, ॲसिड आणि कोणताही क्लोरीन एकत्र आणू नये, कारण विषारी वायू निघतो, ॲसिड पाण्यात घालावे, पाणी ॲसिडमध्ये नव्हे. रबरी हातमोजे, चष्मा आणि बूट मालकाने विकत घेऊन द्यावेत. बदलानंतर उरलेल्या जुन्या गोळ्या आणि पावडर वेगवेगळ्या कोरड्या जागी ठेवून पूल सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुणाला द्याव्यात. कचऱ्यात टाकू नयेत.

नव्या पद्धतीत केअरटेकरचे काम बदलते. रोज टाकण्याऐवजी आठवड्यातून दोनदा मोजून वहीत लिहिणे हे त्याचे मुख्य काम होते. पहिला महिनाभर शेजारी बसून त्याच्याबरोबर चाचणी करणारा मालक पुढची कित्येक वर्षे निश्चिंत राहतो.

सेल किती वर्षे चालतो? खर्च वसूल होतो का?

चांगला सेल साधारण ८ ते १० हजार तास चालतो. रोज ८ तास धरले तर पावणेतीन ते साडेतीन वर्षे, आणि पावसाळ्यात बंद ठेवला तर साडेचारच्या आसपास. संचाच्या किमतीत मोठा वाटा सेलचाच असतो, त्यामुळे खरेदीपूर्वी बदली सेलची किंमत आणि तो भारतात कुठे मिळतो हे लेखी घ्यावे. गोळ्यांचा वाचलेला खर्च, सेलची झीज, दर वर्षीचे मीठ आणि ॲसिड हे सगळे धरल्यावर निव्वळ पैशांत फार मोठी बचत होत नाही. पैसे वाचवण्यासाठीच बदल करायचा असेल, तर वर सांगितलेला डोसिंग पंप पुरेसा आहे.

पावसाळ्यात यंत्राचे काय करायचे?

मीठ २५००च्या खाली गेले की बहुतेक यंत्रे सूचना देतात किंवा आपोआप बंद पडतात. जूनच्या मध्यापासून पुन्हापुन्हा मीठ ओतत बसण्यापेक्षा सेल काढून, स्वच्छ करून, कोरडा करून ठेवावा, त्याच्या जागी रिकामा पाइप जोडावा आणि लिक्विड क्लोरीनवर पूल चालवावा. लिक्विड उष्णतेने लवकर कमजोर होतो, म्हणून पंधरा दिवसांपुरताच आणून सावलीत ठेवावा.

मिठाची पद्धत नको वाटली तर परत फिरता येते का?

सहज येते. सेल बंद करायचा आणि लिक्विड क्लोरीन सुरू करायचा. पाण्यातले मीठ बॅकवॉश आणि पावसाने आपोआप उतरते, पाणी बदलावे लागत नाही. स्टॅबिलायझर आधीच ७०च्या आसपास असल्याने गोळ्यांकडे मात्र लगेच वळू नये.